‘पोचलात का?’ : लातूरच्या एका जोडप्याच्या मालदीव बुकिंगचं प्रकरण

लातूरला औसा रोडवर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, चारधाम, आणि अलीकडं हनिमूनची पॅकेजेस. हे प्रकरण 2025 च्या फेब्रुवारीतलं. घरच्यांची नावं लिहीत नाही. मुलगा, सूनबाई आणि मालक एवढ्यावर भागतं. मालक म्हणजे मुलाचे वडील, एमआयडीसीत त्यांची डाळमिल आहे. पैसा त्यांचा होता, हौस मुलाची होती आणि घोळ बऱ्यापैकी माझा.

मालकांसमोर हनिमून हा शब्द कुणी काढला नाही. ‘पोरं फिरायला जायलेत’ एवढंच. तुळजापूरचं दर्शन, घरचा गोंधळ, सत्यनारायण हे सगळं आटोपल्याशिवाय घर सोडायचं नाही अशी अट होती, म्हणून लग्नानंतर सातव्या दिवशी निघायचं ठरलं. नकाशावर मालदीव दाखवल्यावर मालकांनी विचारलं, “तिथं दर्शनाला काय हाय?” मी म्हणालो, समुद्र. “तो मुंबईला हाय की,” असं म्हणून त्यांनी चेकबुक काढलं.

चार रात्रींचं पॅकेज होतं. दोन रात्री पाण्यावरच्या व्हिलात, दोन किनाऱ्यावरच्या. रिसॉर्ट बा अटॉलमध्ये, अटॉल म्हणजे कड्यासारखा बसलेला बेटांचा समूह. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मालदीव म्हणजे अकराशे ब्याण्णव बेटं, त्यातल्या दोनेकशे बेटांवर वस्ती, आणि रिसॉर्टांसाठी वेगळी बेटं. एका बेटावर एकच रिसॉर्ट, दुसरं काहीही नाही. गाव नाही, टपरी नाही, रिक्षा नाही. 1972 साली कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून धंदा याच घाटाचा आहे. त्यामुळं विमान राजधानी मालेला उतरलं म्हणजे माणूस पोचला असं होत नाही. माले विमानतळसुद्धा स्वतः हुलहुले नावाच्या एका बेटावर आहे. तिथून पुढं तीन वाटा. रिसॉर्ट जवळचं असेल तर स्पीडबोट, ती रात्रीही चालते. लांबचं असेल तर देशांतर्गत छोटं विमान आणि पुढं बोट, तेही अंधार पडल्यावर उडतं. आणि तिसरं सीप्लेन, पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं. ते फक्त उजेडात चालतं. वैमानिकाला पाणी डोळ्यांनी दिसावं लागतं, दिव्यांची धावपट्टी समुद्रात नसते.

गिऱ्हाईक भुलतं ते सीप्लेनच्या फोटोला. मीही तोच फोटो दाखवला. त्याच फायलीत बा अटॉलमधल्याच हनिफारूच्या खाडीतले मांटा मासे होते, पंख पसरलेले, खाटेएवढे. ते तिथं पावसाळ्याच्या महिन्यांत जमतात, मे ते नोव्हेंबर. फेब्रुवारी हा तिकडचा कोरडा, स्वच्छ हंगाम, भाडं सगळ्यात चढं, आणि मांटा मात्र नाहीत. हे मी बोललो नाही. मुलानं नंतर विचारलंच, “काका, ते मोठे मासे कुठं गेले?”

पैशाचं थोडक्यात. रिसॉर्टच्या दरापुढं दोन अधिक चिन्हं असतात, तिकडं बारीक लक्ष द्यायचं. एक दहा टक्के सेवा आकार, दुसरा पर्यटन कर, त्या वेळी सोळा टक्के, आणि तो सेवा आकार धरून लागतो. म्हणजे मेन्यूत 100 डॉलर लिहिलेलं जेवण बिलात 127 डॉलर 60 सेंटांना पडतं. जुलै 2025 पासून कर सतरा टक्के झाला, म्हणजे आता आणखी वर. शिवाय माणशी, दिवसाचा हरित कर. तो रिसॉर्टांसाठी 6 डॉलर होता, 1 जानेवारी 2025 पासून 12 झाला. मी कोटेशन नोव्हेंबरात दिलेलं, जुन्या दरानं. पॅकेजात 48 डॉलर धरले होते ते 96 झाले. वरचे 48 मी गल्ल्यातून भरले, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. आपल्याकडच्या तेव्हाच्या पाच टक्के टीसीएसवर, म्हणजे परदेशी सहलीच्या पैशावर सरकार आगाऊ घेतं त्या करावर, मालक मात्र अर्धा तास बसले. रिटर्न भरताना ते परत मागता येतात, हे त्यांच्या सीएनं फोनवर सांगितलं तेव्हा विषय मिटला.

रिसॉर्टनं नव्या जोडप्याला केक, पलंगावर फुलांची सजावट आणि एक रात्र किनाऱ्यावर जेवण कबूल केलं होतं, पण लग्नाचा पुरावा हवा. नोंदणीचा दाखला सात दिवसांत कुठून आणणार? भटजींची सहीच व्हायची होती. मी लग्नपत्रिकेचा फोटो पाठवला. बुकिंगवाल्या बाईंचा उलट निरोप आला: यातलं जोडपं नेमकं कोणतं? बरोबर आहे त्यांचं. वर गणपती, मग कुलदैवत, मग निमंत्रक, मग स्वागतोत्सुक, संयोजक मित्रमंडळ, सगळ्यात खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी दोन चिमुकली. मी दोन नावांभोवती लाल गोल करून पुन्हा पाठवलं. केक मंजूर.

आता मुख्य चूक. मुंबईहून मालेला सकाळचं थेट विमान होतं, पावणेतीन-तीन तासांचं. दुसरा पर्याय बंगळुरूमार्गे, मालेला दुपारी 2:50 ला उतरणारा. दोघांचे मिळून 9,400 रुपये कमी. सीप्लेनवाल्यांचा नियम मला पाठ होता: पाहुणा साधारण साडेतीनच्या आत उतरला पाहिजे, तर त्याच दिवशी पुढं पाठवतात. 2:50 आणि 3:30 मध्ये चाळीस मिनिटं. मी हिशेब केला आणि स्वस्तातलं तिकीट काढलं. बसच्या धंद्यात चाळीस मिनिटं पुष्कळ असतात.

त्या दुपारी

बंगळुरूहून विमान उशिरा सुटलं आणि मालेला 3:25 ला टेकलं. म्हणजे नियमात पाच मिनिटं शिल्लक. इथवर फक्त माझं गणित पणाला लागलं होतं. पुढच्या दोन गाठी लातूरहून बांधून नेलेल्या होत्या.

पहिली गाठ नावाची. मालदीवला भारतीयांना व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो, पण पोचण्याआधी 96 तासांच्या आत ‘इमुगा’ नावाच्या सरकारी साइटवर माहितीचा फॉर्म भरावा लागतो. मी लिंक पाठवली होती, फॉर्म मुलानं भरला. तिकीट मी पासपोर्ट पाहून माहेरच्या नावानं काढलेलं. फॉर्ममध्ये त्यानं बायकोचं नवं नाव टाकलं. नुसतं आडनाव नव्हे, लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं ते नावसुद्धा. पहिल्यांदाच कुठल्या तरी सरकारी कागदावर ते लिहायला मिळत होतं, त्याचा ऊर भरून आला असणार. रांगेतून बाहेर काढून अधिकाऱ्यानं नव्यानं फॉर्म भरायला लावला. विमानतळाचं वायफाय जोडा, ओटीपीची वाट बघा, फोटो काढा. सूनबाईंच्या हातावरची मेंदी अजून गडद होती, कपाळावर घाम. वीस-बावीस मिनिटं गेली.

दुसरी गाठ पितळेची होती. बाहेर पडताना तिथं सगळं सामान पुन्हा एक्स-रे यंत्रातून जातं. माझ्या सूचनांच्या कागदावर ‘दारूची बाटली नेऊ नये’ असं ठळक अक्षरांत होतं. देव नेऊ नयेत असं नव्हतं. हनिमूनला देव कोण नेतं? पण सूनबाईंच्या आजीनं, पाठवणीत दिलेल्या अन्नपूर्णा-बाळकृष्णाच्या जोडीतला बाळकृष्ण साड्यांच्या घडीत ठेवून दिला होता. नवी नवरी, परमुलूख, चहूकडं पाणी. सोबत कुणीतरी असावं. सूनबाईंना ते पॅकिंग करतानाच दिसलं होतं, पण आजीचं मन कोण मोडणार. मालदीवच्या कायद्यात पूजेच्या मूर्ती आत नेता येत नाहीत, डुकराचं मांस आणि दारूच्या जोडीनंच हा नियम आहे. अधिकारी आवाज न चढवता बोलला असं दोघंही सांगतात. त्यानं अंगठ्याएवढा रांगता बाळकृष्ण तळहातावर घेतला, टेबलावर उभा करायला गेला, तो रांगता असल्यामुळं उभा राहीना, मग हलकेच आडवा ठेवला. पारदर्शक पिशवी, चिकटपट्टी, पावती. परत जाताना घेऊन जा म्हणाला. सूनबाईंनी विचारलं की लोण्याची वाटी वेगळी आहे, ती पण ठेवणार का. नाही, वाटी चालेल.

बाहेर रिसॉर्टचा माणूस पाटी घेऊन उभा होता. घड्याळात 4:35. शेवटचं सीप्लेन गेलं होतं.

मला फोन आला तेव्हा लातूरला पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. माले आपल्या अर्धा तास मागं आहे. मुलगा म्हणाला, “काका, विमान उडत नाही म्हणायलेत. सकाळी म्हणायलेत. तुमी तर चारला बसताल म्हणला होता.” मागं सूनबाईंचा आवाज, “ओरडू नका हो त्यांना.” तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

बा अटॉलमध्ये धरवंधू बेटावर विमानतळ आहे. मालेहून तिथं संध्याकाळी छोटं विमान जातं आणि पुढं रिसॉर्टची बोट घ्यायला येते. हा पर्याय कागदावर होता, मी बुकिंगच्या वेळी विचारलाही नव्हता. आता विचारला तर हंगामाचे दिवस, जागा भरलेल्या. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. विमानाला उशीर माझ्या हातात नव्हता, बाळकृष्ण माझ्या हातात नव्हता, पण संध्याकाळच्या विमानात दोन जागा आधी धरून ठेवायला फार तर एक ईमेल लागला असता.

हुलहुमाले

विमानतळाला रस्त्यानं जोडलेलं हुलहुमाले हे समुद्रात भर घालून वसवलेलं बेट. तिथं साध्या हॉटेलांची रांग आहे. एक खोली बघून दिली. टॅक्सीवाल्यानं वाटेत त्यांच्या धिवेही भाषेत आकडे मोजून दाखवले, एके, दे, तिने... दोघं चमकली. ती भाषा आपल्याच कुळातली आहे, सिंहलीच्या जवळची. अटॉल हा इंग्रजीत गेलेला शब्दही धिवेहीचाच, अतोळू.

साडेसातला सासूबाईंचा फोन: “पोचलात का?”

“पोचलो.”

“बंगला दाखव की पाण्यातला.”

मुलानं खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राच्या पट्ट्याचा फोटो पाठवला. खाली स्कूटरची रांग होती ती कापून टाकली. त्या फोटोला घरच्या ग्रुपवर बेचाळीस बदाम पडले, त्यातला एक माझा. मला खरं ठाऊक होतं. हे मी नंतर मालकांना सांगितलं, त्यांच्या बायकोला अजून सांगितलेलं नाही.

रात्री जेवणाचा प्रश्न. सूनबाईंच्या माहेरी माळ आहे, मासा चालत नाही, आणि तिकडं टूना प्रत्येक गोष्टीत. हॉटेलवाल्यानं रोशी करून दिली. रोशी म्हणजे पातळ पोळीच. पिशवीत शेंगाची चटणी होतीच, धपाटे होते. दोघांनी खोलीत गादीवर वर्तमानपत्र पसरून जेवण केलं. मुलगा म्हणतो सगळ्या प्रवासात त्याला ते जेवण आठवतं. मी यावर विश्वास ठेवावा की त्यानं माझी लाज राखली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बेटावर

सकाळच्या पहिल्या फेरीत जागा मिळाली. सीप्लेनला सामानाची मर्यादा वीस किलो आणि हातातलं पाच. लाडू-चिवड्याच्या डब्यांसकट वरचे किलो डॉलरनं मोजले गेले. ट्विन ऑटर जातीचं विमान, पंधराएक माणसांचं, अर्ध्या चड्डीतले अनवाणी वैमानिक, पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखा. बालाघाटावरची ही पोरं. सूनबाईंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दोन दिवस आधी, जुहूला. वरून बेटांच्या कडीभोवती पाण्याचे रंग बदलत जातात, गडद निळ्यातून एकदम मोरपिशी. तिनं मला सांगितलं, “काका, शालूच्या काठासारखं दिसतं. आत वेगळा, बाहेर वेगळा.” पस्तीस मिनिटांनी विमान पाण्यावर घसरत गेलं आणि लाकडी धक्क्याला लागलं.

स्वागत छापील पुस्तकातल्यासारखंच झालं. ओळीनं उभी माणसं, उजवा हात छातीवर, बोडु बेरु ढोलाचा ठेका, गार टॉवेल, शहाळं. मुलानं गार टॉवेल गळ्यात टाकला, कारण आपल्याकडं स्वागताला टॉवेल-टोपी देतात तसंच काही असेल असं त्याला वाटलं. कुणी हसलं नाही. पहिल्या रात्रीचे पैसे भरलेलेच असल्यानं खोली रिकामी होती, दुपारी दोनपर्यंत थांबावं लागलं नाही. हा उशिराचा एकमेव फायदा.

पाण्यावरचा व्हिला. जमिनीत काचेचा चौकोन, खाली मासे. आणि समुद्राकडं तोंड करून मोठा बाथटब. सोबत आलेला पोरगा केरळचा होता, हिंदी बोलत होता. सूनबाईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला, “हे पाणी कुठून येतं?” त्यानं सांगितलं: समुद्राचं पाणी बेटावरच्याच यंत्रात गोडं करतात, डिझेलवर. पिण्याचं काचेच्या बाटलीत भरून देतात.

2016 च्या उन्हाळ्यात ती लातूरला दहावीच्या शिकवणीला होती. नळाला पाणी नव्हतं, टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. खोलीवरच्या चार मुली एका घागरीत आंघोळी उरकत. त्या मुलीनं तो टब एकदाही भरला नाही. शॉवरखाली उभी राहिली ती पण मोजून. नवरा म्हणाला, पैसे दिलेत की आपण. ती म्हणाली, “दिलेत. तरी पण भरवत नाही.”

गंमत अशी की मालेवरही हीच वेळ येऊन गेली आहे, आणि आधी. डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या पाण्याच्या कंपनीत आग लागली, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बंद पडलं, आणि लाखाच्या वर वस्तीच्या राजधानीत प्यायला थेंब उरला नाही. भारतानं हवाईदलाच्या विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पाणी पाठवलं. हे मी सूनबाईंना नंतर दुकानात सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आमाला रेल्वे आन त्यांना विमान.”

बाकीचे दिवस नीट गेले. केक आला, बिनअंड्याचा, हे मी फोन करून दोनदा बजावलं होतं. घोटाळा झाला तो फक्त घड्याळाचा. त्या बेटावर मालेच्या पुढं एक तास वेळ धरतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. म्हणजे माले आपल्या अर्धा तास मागं, आणि रिसॉर्ट आपल्या अर्धा तास पुढं. परतीच्या सीप्लेनची चिठ्ठी दाराखालून सरकवलेली, 8:10. कुठल्या घड्याळाचे 8:10? मुलानं मला रात्री फोन केला. मी या वेळी अंदाज केला नाही. रिसॉर्टला विचारलं. बेटाची वेळ होती.

परत निघताना विमानतळावर कस्टमच्या खिडकीशी पावती दाखवली. माणूस आत गेला, बराच वेळ लागला, मग पिशवी घेऊन आला. चिकटपट्टी तशीच होती. सूनबाईंनी खुर्चीवर बसून रुमालात बाळकृष्ण ठेवला, डब्यातल्या बेसनाच्या लाडवाचा कण त्याच्यापुढं धरला आणि स्वतः खाल्ला. चार दिवसांचा नैवेद्य राहिला होता.

हिशेब

वाचवले 9,400 रुपये. गेली पाण्यावरच्या व्हिलातली एक रात्र, ज्या दोन रात्रींवर अख्खं पॅकेज विकलं होतं त्यातली निम्मी. हुलहुमालेचं हॉटेल, टॅक्सी, जेवण वेगळं. रिसॉर्टनं रात्रीचे पैसे परत दिले नाहीत. पाहुणा आला नाही तर पहिली रात्र बुडीत हे अटींमध्ये लिहिलेलं होतं आणि त्यावर सही माझ्या दुकानाची होती. प्रवास विमा मी घ्या म्हणालो होतो, पण ‘घ्या’ म्हणणं आणि घ्यायला लावणं यात फरक आहे.

आता मी सीप्लेनच्या गिऱ्हाइकाला दुपारी एकच्या आत मालेला उतरणारं विमानच देतो. ते नको असेल तर स्पीडबोटीचं रिसॉर्ट, मग रात्री दहाला उतरा. फॉर्म दुकानात बसवून पासपोर्ट पुढं ठेवून भरतो. आणि सूचनांच्या कागदावर नवी ओळ आली आहे, देवाची मूर्ती, टाक, सोबत नेऊ नये. परवा एका बाईनं ती वाचून विचारलं, “मग फोटो?” मी म्हणालो, फोटो मोबाइलमध्ये.

मालकांकडं मी आठवड्यानं गेलो, 11,000 रुपये घेऊन. हॉटेलचा खर्च आणि वाचवलेल्यातला वाटा असं धरून. ते घेईनात. चूक पोराची पण हाय म्हणाले, त्यानं नाव कशाला बदललं. मी म्हणालो, तसं नको तर आहेर समजा, लग्नात माझ्याकडून राहिलाच होता. मग त्यांनी पाकीट घेतलं, तिथल्या तिथं उघडलं, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि माझ्याकडं बघितलं.

“वर एक रुपया नको का?”

मी खिसे चाचपले. नाणं नव्हतं. त्यांनीच गल्ल्यातून काढून माझ्या हातावर ठेवलं आणि पाकीट पुढं केलं.